जुन्या स्कॉट्स दस्तांची परिभाषा: कामाच्या नोंदी

५ सप्टेंबर

मुंबई इलाख्यात आलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांत स्कॉटिश माणसं पुष्कळ होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ही ठळक नावं. अशा घराण्यांचे कागद चाळताना हिंदुस्थानातून गेलेल्या पत्रांच्या शेजारीच जमिनीचे, कर्जाचे, वारसाचे दस्त निघतात, आणि उत्तम इंग्रजी येणारा अभ्यासकही तिथे थबकतो. १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण झालं, तरी स्कॉटलंडने आपला कायदा आणि आपली न्यायालयं राखली. लंडनच्या वकिलाची परिभाषा एडिनबर्गच्या दस्ताला पुरत नाही.

म्हणून हे काम हाती घेतलं: साधारण १५५० ते १८०० या काळातल्या स्कॉट्स कायद्याच्या शब्दांचा मराठी संच. वाचक कोण, तर मराठेशाहीचा अभ्यास करणारा, थोडीफार मोडी येणारा, गहाणखत, ताबा, वारसनोंद हे शब्द घरात ऐकत वाढलेला माणूस.

मुख्य आधार स्कॉट्स भाषेच्या ऑनलाइन कोशाचा. त्यात दोन मोठे कोश एकत्र आहेत: एक १७०० पर्यंतच्या भाषेचा, दुसरा त्यानंतरच्या. मूळ कागदांच्या प्रतिमा ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. तिथे १५१३ पासूनची मृत्युपत्रं आहेत.

९ सप्टेंबर

आधी अक्षरं. अर्थाकडे जाण्यापूर्वी इथेच दमछाक होते.

सोळाव्या-सतराव्या शतकाच्या वळणाला ‘सेक्रेटरी हँड’ म्हणतात. त्यात सी हे अक्षर आजच्या आरसारखं दिसतं आणि एच रेघेखाली शेपूट सोडतो. यू, व्ही आणि डब्ल्यू एकमेकांच्या जागी बिनदिक्कत येतात. इंग्रजीत जिथे डब्ल्यू-एच लिहितात, तिथे स्कॉट्समध्ये क्यू-यू-एच. ‘अमव्हाइल’ हा शब्द त्यामुळे क्यू घेऊन समोर येतो. अर्थ ‘मयत’, आणि तो नावाच्या आधी लागतो, अगदी आपल्या दस्तात लागतो तसा.

झेडची भानगड जरा वेगळी. जुन्या स्कॉट्समध्ये ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं, उच्चार य-च्या जवळचा. छापखान्यांकडे त्याचा खिळा नसल्याने त्यांनी दिसायला जवळचा झेड बसवला. त्यामुळे झेड छापलेला असला तरी वाचायचं ‘असॉइल्यी’ (न्यायालयाने प्रतिवादीला दाव्यातून मुक्त करणं), ‘स्पूल्यी’, ‘टेल्यी’ (जमीन घराण्यातच राखणारा दस्त). संचात मी उच्चार आधी देणार. मोठ्याने वाचता येणारा शब्द लवकर आपला होतो.

स्पूल्यीबद्दल एक ओळ इथेच. दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून उचलून नेणं म्हणजे स्पूल्यी. दावा करणाऱ्याने मालकी शाबीत करायची गरज नसे, ताबा होता एवढं पुरे. गाय कुणाची हा वाद पुढचा. आधी ती जिच्या गोठ्यातून नेली तिला परत करा.

१४ सप्टेंबर

आमच्या गटात नाना आहेत, दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी एक ओळ वाचून दाखवली: ‘सेझिन म्हणजे जमिनीचा ताबा देणं.’ नाना म्हणाले, “ते ठीक आहे रे. पण ताबा दिला कुणी, कुणासमोर दिला, आणि किती दिवसांत नोंदला? दस्त हातात आला की आधी हे बघायचं. अर्थ मागून येतो.”

या तीन विचारण्या मी संचाचा सांगाडाच करून टाकतो आहे. अकारविल्हे यादी केली तर शब्द सुटे पडतात. हे शब्द म्हणजे एका कारवाईतल्या पायऱ्या आहेत. आधीची पायरी कोणती आणि नंतरची कोणती हे कळलं की अर्थ चुकायला जागा उरत नाही. तेव्हा तीन गट: जमिनीचा कागद, कर्जाचा कागद, मरणानंतरचा कागद.

नानांच्या कसोटीवर सेझिन असं उतरतं. जमीन वरच्या धन्याकडून धरलेली असे. धनी म्हणजे ‘सुपीरियर’, धरणारा ‘व्हॅसल’. वर्षाला ठरीव ‘फ्यू ड्यूटी’ भरून वंशपरंपरेने धरलेली जमीन ती ‘फ्यू’. जमीन द्यायची झाली की सुपीरियर आपल्या ‘बेली’ला, म्हणजे अंमलदाराला, लेखी आज्ञा करी, तिचं नाव ‘प्रीसेप्ट’. मग बेली, घेणाऱ्याचा मुखत्यार, नोटरी आणि साक्षीदार खुद्द त्या जमिनीवर जात. नोटरी आज्ञा वाचून दाखवी. बेली त्या जमिनीतली माती आणि दगड मुखत्याराच्या हातात देई. मुखत्यार नोटरीच्या हाती नाणं ठेवून घडल्या गोष्टीचा दाखला मागे, आणि नोटरी तो लिहून देई. हा लिहिलेला दाखला म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ सेझिन’, आणि या साऱ्या कृतीने माणूस जमिनीत ‘इन्फेफ्ट’ होई, म्हणजे त्याचा हक्क पुरा होई.

मुदत: ६० दिवस. १६१७ च्या कायद्याने सेझिनची नोंदवही सुरू झाली, एडिनबर्गला सर्वसाधारण आणि जिल्ह्यांसाठी वेगळ्या. ६० दिवसांत नोंद नसेल, तर तो सेझिन तिऱ्हाइताविरुद्ध उभा राहत नसे. आपल्याकडे नोंदणीचा असा सरसकट कायदा यायला एकोणिसावं शतक उजाडलं, हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी १६१७ हे साल दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२२ सप्टेंबर

माती आणि दगड फक्त शेतजमिनीला. इतर मिळकतींची चिन्हं निराळी, आणि दस्तात तीच लिहिलेली असल्याने मिळकत कसली ते पटकन ओळखता येतं. गिरणीला ‘क्लॅप अँड हॅपर’, म्हणजे जात्यात दाणे सोडणारं टोपलं आणि त्याला हलवत ठेवणारी फळी. मासेमारीच्या हक्काला जाळं आणि होडी. नगरातल्या घराला दाराची कडी आणि कोयंडा. ‘नेट अँड कोबल’ हे शब्द दिसले की पुढे जमिनीचं क्षेत्र शोधत बसू नये. तिथे नदीतल्या सॅमनचा हक्क हस्तांतरित होतो आहे.

या नियमाची ताकद कळते ती नोव्हा स्कोशियाच्या गोष्टीतून. अटलांटिकपलीकडच्या त्या वसाहतीत जमीन आणि बॅरोनेट हा किताब देण्याचं ठरलं, पण ताबा घ्यायला प्रत्येकाने समुद्र ओलांडून जायचं कसं? तेव्हा पहिल्या चार्ल्सच्या काळात एडिनबर्गच्या किल्ल्यापुढची जमीन या कामापुरती नोव्हा स्कोशियाचा भाग धरली गेली, आणि सेझिन तिथे झाले. माती हातात पडल्याशिवाय हक्क पुरा होत नाही हे तत्त्व सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून भूगोल वाकवला. जमिनीवर प्रत्यक्ष जाण्याची ही गरज १८४५ च्या कायद्याने संपली. त्यानंतरच्या दस्तात माती-दगड शोधू नयेत, अशी टीप संचात घालायची.

३ ऑक्टोबर

कर्जाचा गट. हा मला सर्वांत जिवंत वाटला, कारण यातला प्रत्येक शब्द रस्त्यावर घडतो.

सुरुवात ‘बाँड’पासून. कर्जरोख्याच्या शेवटी हमखास एक कलम येतं: हा रोखा ‘बुक्स ऑफ काउन्सिल अँड सेशन’मध्ये नोंदवायला ऋणको आधीच संमती देतो. ते नेहमीचं पालुपद समजून पुढे जाऊ नये. या वहीत नोंद झालेल्या रोख्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येई. धनकोला वेगळा दावा लावावा लागत नसे, थेट वसुली. ही नोंदवही १५५४ पासूनची आहे. नाना यावर बराच वेळ बोलत राहिले. आपल्याकडे रोखा नोंदला तरी धनको कोर्टाची पायरी चढतोच, असं त्यांचं म्हणणं.

पैसे थकले की पुढचा कागद ‘लेटर्स ऑफ हॉर्निंग’. राजाच्या नावाने, ‘सिग्नेट’ या राजमुद्रेच्या शिक्क्याखाली. ‘मेसेंजर अ‍ॅट आर्म्स’ हा अंमलदार ऋणकोला ठरलेल्या दिवसांत पैसे भरण्याचा हुकूम बजावी. दिवस उलटले की तो जिल्ह्याच्या मुख्य गावी बाजारातल्या ‘मर्कट क्रॉस’पाशी उभा राही, तीनदा पुकारा करी, हुकूम वाची, तीनदा शिंग फुंकी आणि नक्कल त्या खांबाला चिकटवी. ऋणको आता ‘शिंगावर चढला’. कायद्याच्या लेखी तो राजाचा बंडखोर ठरे, कारण आज्ञा धनकोची नव्हती, राजाची होती. १५ दिवसांत हॉर्निंगची नोंद झाली की त्याची जंगम मालमत्ता राजाकडे जमा, हा ‘एस्चीट’. वर्ष आणि एक दिवस तो तसाच राहिला, तर त्याच्या जमिनीचं हयातभराचं उत्पन्नही जाई, आणि तो ‘लाइफरेंट एस्चीट’ सुपीरियरच्या पदरात पडे.

म्हणून जुन्या कागदात एखाद्याला ‘रेबेल’ म्हटलेलं दिसलं की लगेच तलवारीची कल्पना करू नये. पुष्कळदा तो पैसे न फेडलेला साधा गृहस्थ असतो. चरित्रलेखकांनी ही खबरदारी घ्यायलाच हवी; त्या एका शब्दावरून माणसाचं राजकारण ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हॉर्निंगनंतर ‘कॅप्शन’, म्हणजे अटकेचं वॉरंट. त्यातून सुटायची एक जागा होती, एडिनबर्गच्या होलीरूड अ‍ॅबीचा परिसर. तिथे ऋणकोला पकडता येत नसे, आणि रविवारी तर तो बिनधास्त शहरात फिरून येई, कारण त्या दिवशी हुकूम बजावता येत नसे. अशांना लोक ‘अ‍ॅबी लेअर्ड’ म्हणत, म्हणजे अ‍ॅबीचे जमीनदार.

‘पॉइंडिंग’ असं लिहितात, म्हणतात ‘पिंडिंग’: जंगम मालाची जप्ती. हा शब्द एकविसाव्या शतकापर्यंत चालू होता. घरातलं सामान जप्त करण्याच्या त्या पद्धतीला लोकांचा मोठा विरोध झाला आणि स्कॉटिश संसदेने ती २००१-०२ च्या कायद्यांनी काढून टाकली. ‘मल्टिपलपिंडिंग’ मात्र जप्ती नव्हे. एकाच रकमेवर अनेकजण हक्क सांगू लागले की ती रक्कम बाळगणाऱ्याच्या नावाने न्यायालयापुढे निकाल मागायचा, तो हा दावा.

११ ऑक्टोबर

‘वॉडसेट’. नानांनी अर्ध्या मिनिटात सोडवला. “जमीन धनकोच्या ताब्यात, उत्पन्न व्याजापोटी त्यालाच, मुद्दल दिलं की जमीन परत? मग हे ताबेगहाण.” बरोबर. यालाच ‘प्रॉपर वॉडसेट’ म्हणत. ‘इम्प्रॉपर’मध्ये उत्पन्नाचा हिशेब ठेवावा लागे. सोडवून घेण्याचा हक्क म्हणजे ‘रिव्हर्शन’, आणि १६१७ च्या कायद्याने सेझिनबरोबर त्याचीही नोंद सक्तीची केली. पैसे कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या दिवशी मोजायचे तेही त्यात लिहिलेलं असे.

२० ऑक्टोबर

मरणानंतरचे कागद. वंशावळ शोधणाऱ्याला सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात गोंधळात टाकणारे.

मुळात १८६८ पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नव्हती. ‘टेस्टामेंट’ फक्त जंगमाचं. एखाद्या धनवंताच्या टेस्टामेंटमध्ये जमिनीचं अवाक्षर नसेल, तर त्याच्याकडे जमीन नव्हती असा निष्कर्ष काढू नये. जमीन वारसाकडे वेगळ्या वाटेने जाई: ‘ब्रीव्ह’, म्हणजे चौकशीचं आज्ञापत्र, निघे, १५ जणांची पंचायत वारस ठरवी, तिचा निर्णय ‘चॅन्सरी’ला, म्हणजे आज्ञापत्र काढणाऱ्या राजाच्या दफ्तराला, परत जाई, तो ‘रिटूर’. हे रिटूर १८४७ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, क्रॉमवेलच्या राजवटीतली थोडी वर्षं सोडून.

टेस्टामेंट दोन प्रकारचं. मयताने स्वतः कारभारी नेमलेला असेल तर ‘टेस्टामेंटर’, नसेल आणि कमिसरी कोर्टाने, म्हणजे मयतांच्या जंगम मालमत्तेचं काम पाहणाऱ्या न्यायालयाने, नेमला तर ‘डेटिव्ह’. डेटिव्हमध्ये कारभारी पुष्कळदा एखादा धनकोच असतो. त्याला नातेवाईक समजून वंशावळीत बसवू नये. आधी मालाची यादी, मग येणं, मग देणं, उरलेलं ते ‘फ्री गिअर’. त्याची वाटणी ठरलेली. बायको आणि मुलं दोन्ही मागे असतील तर तीन वाटे: विधवेचा, मुलांचा म्हणजे ‘बेर्न्स पार्ट’, आणि ‘डेड्स पार्ट’. मयताला आपल्या इच्छेने देता येई तो फक्त हा तिसरा वाटा. बायको किंवा मुलं यांपैकी एकच बाजू असेल तर दोन वाटे. ‘तीन भागांत वाटावे’ हे वाक्य दिसलं की घरात कोण कोण हयात होतं ते आपोआप कळतं. जन्माची नोंद सापडत नसेल तिथे हे वाक्य लाख मोलाचं.

यादीत ‘एअरशिप’ वगळल्याचा उल्लेख येतो. घरातल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूतली उत्तम वस्तू जमिनीच्या वारसाला वेगळी मिळे: उत्तम घोडा, उत्तम पलंग. म्हणून टेस्टामेंटमधली यादी घरातल्या सगळ्या सामानाची नसते. ‘इन्साइट प्लेनिशिंग’ म्हणजे घरातलं सामानसुमान. ‘अबुल्यीमेंट’ म्हणजे अंगावरचे कपडे. इथेही तोच योख.

विधवा म्हणजे ‘रेलिक्ट’. तिचं नाव माहेरच्या आडनावाने येतं, कारण स्कॉटिश नोंदींत लग्नानंतरही बाई त्याच नावाने ओळखली जाई. अभ्यासकाला याहून मोठी देणगी नाही. तिला नवऱ्याच्या जमिनीतल्या तिसऱ्या हिश्शाचं हयातभर उत्पन्न मिळे, ते ‘टर्स’. विधुरालाही बायकोच्या जमिनीचं असं उत्पन्न मिळे, त्याला ‘कर्टसी’ म्हणत, पण अट अशी की मूल जिवंत जन्मलेलं असावं आणि त्याचं रडणं ऐकू आलेलं असावं. साक्षीदार त्या रडण्याचे. दोन्ही हक्क थेट १९६४ च्या वारसा कायद्याने गेले.

नात्यांचे शब्द थोडक्यात: ‘ओय’ नातवंड, ‘गुडसर’ आजोबा, ‘ब्रदर जर्मन’ सख्खा भाऊ. जर्मनीशी संबंध नाही. ‘कन्सँग्विनियन’ असेल तर बाप एक, ‘युटराइन’ असेल तर आई एक. ‘टॉखर’ म्हणजे हुंडा.

२९ ऑक्टोबर

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त धोक्याचे. अनोळखी शब्दासाठी माणूस कोश उघडतो, ओळखीच्यासाठी उघडत नाही.

‘डिलिजन्स’ म्हणजे मेहनत नव्हे, वसुलीची कारवाई. वर लिहिलेली हॉर्निंग, पिंडिंग सगळी डिलिजन्समध्ये मोडते. ‘कॉशन’ म्हणजे जामीनकी. उच्चार ‘केशन’, आणि जामीन राहणारा ‘केशनर’. ‘इन्स्ट्रक्ट’ करणं म्हणजे पुराव्याने शाबीत करणं. ‘रिडक्शन’ म्हणजे दस्त रद्द ठरवण्याचा दावा, ‘इम्प्रोबेशन’ म्हणजे तो बनावट ठरवण्याचा. ‘पॅनल’ म्हणजे आरोपी. ‘वेकनिंग’ म्हणजे वर्षभर हालचाल न झालेला, झोपी गेलेला दावा पुन्हा उठवणं. ‘इंट्रोमिशन’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेत हात घालणं, आणि कमिसरीच्या मंजुरीवाचून मयताच्या सामानात हात घातला तर ‘व्हिशस इंट्रोमिशन’. ज्याने असा हात घातला तो मयताच्या साऱ्या कर्जाला जबाबदार, त्याने एकच खुर्ची उचललेली का असेना. हा नियम ठाऊक असला की शेजारी, भाचे, नोकर यांना कर्जाच्या दाव्यात का ओढलं आहे ते समजतं.

११ नोव्हेंबर

आज मार्टिनमस. जुन्या दस्तांत खंड, व्याज, फ्यू ड्यूटी भरायचे दोन मोठे दिवस म्हणजे व्हिटसंडे, १५ मे, आणि मार्टिनमस, ११ नोव्हेंबर. १९९० च्या कायद्याने ते २८ मे आणि २८ नोव्हेंबर झाले. दस्तात ‘पुढच्या टर्मला’ एवढंच असेल, तर लिहिल्याच्या तारखेनंतर यांपैकी कोणता दिवस येतो ते पाहायचं.

वर्षाची सुरुवातही तपासायची. स्कॉटलंडने १ जानेवारीला नवं वर्ष धरायला १६०० मध्ये सुरुवात केली, इंग्लंडने १७५२ मध्ये. फेब्रुवारीतल्या पत्राचं साल सीमेच्या दोन बाजूंना वेगळं निघतं.

पैशांचं गणित: सतराव्या शतकात १२ स्कॉट्स पौंड म्हणजे १ इंग्रजी पौंड. मर्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स स्कॉट्स, पौंडाच्या दोन तृतीयांश. १,२०० मर्कांचा टॉखर म्हणजे ८०० स्कॉट्स पौंड, इंग्रजी हिशेबाने ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. आकडा पाहून दिपून जाण्यापूर्वी हा भागाकार करावा. ‘अ‍ॅन्युअलरेंट’ हे व्याज. १५८७ च्या कायद्याने त्याची मर्यादा शेकडा १० ठरवली होती.

१९ नोव्हेंबर

हिंदुस्थानाशी थेट जोडणाऱ्या दोन गोष्टी.

स्कॉटलंडबाहेर, म्हणजे ‘फर्थ ऑफ द किंगडम’, असलेल्या माणसावर दावा लावायचा झाला तर समन्स त्याच्या घरी कसं बजावणार? ते एडिनबर्गच्या मर्कट क्रॉसवर आणि लीथ बंदराच्या धक्क्यावर पुकारलं जाई, ६० दिवसांची मुदत देऊन. बॉम्बे किंवा मद्रासला असलेल्या अधिकाऱ्याच्या जमिनीच्या वादात ‘पिअर अँड शोअर ऑफ लीथ’ हे शब्द येतात ते म्हणून. त्याने लीथहून जहाज पकडलं असा अर्थ लावू नये. तसंच, परदेशी मेलेल्याची स्कॉटलंडमध्ये जंगम मिळकत असेल तर त्याचं टेस्टामेंट एडिनबर्गच्या कमिसरी कोर्टात जाई, त्याचं घर कुठल्याही जिल्ह्यात असो. शोध तिथून सुरू करावा.

दुसरी गोष्ट ‘टेल्यी’. जमीन ठरलेल्या क्रमाने घराण्यातच राहावी म्हणून केलेला बंधनाचा दस्त. १६८५ च्या कायद्याने त्याची स्वतंत्र नोंदवही झाली, आणि नवे टेल्यी करण्यावर १९१४ मध्ये बंदी आली. वारसाने घराण्याचं आडनाव लावलंच पाहिजे अशी अट त्यात नेहमी आढळते. साताऱ्याच्या जेम्स ग्रँटने आईकडची ईडनची इस्टेट मिळाल्यावर डफ हे नाव जोडलं. एकच माणूस आधीच्या कागदात ग्रँट आणि नंतरच्या कागदात ग्रँट डफ असेल, तर मधल्या काळात जमिनीचा दस्त शोधायचा, ही सवय लावून घेतली पाहिजे.

२८ नोव्हेंबर

जमिनीचा गट पुरा. शेवटची टीप लिहिली ती या तारखेचीच: सुपीरियर आणि व्हॅसल यांचं नातं २००० साली संमत झालेल्या कायद्याने २८ नोव्हेंबर २००४ रोजी, म्हणजे मार्टिनमसच्या नव्या तारखेला, संपलं. त्यापुढे धरणारा तोच सरळ मालक.

नाना तिन्ही गट वाचताहेत. ‘सुपीरियर’ला मी ‘वरचा धनी’ लिहिलं ते त्यांनी राहू दिलं, ‘बेली’ला ‘कारकून’ सुचवलेलं खोडलं आणि बाजूला लिहिलं, “कारकून ताबा देत नाही.” आता तिथे ‘धन्याचा अंमलदार’ आहे.

पुढचा गट गिरणीचा. कुळांना ठरावीक गिरणीतच दळण न्यावं लागे, ते बंधन ‘थर्लेज’. गिरणीला द्यायचा धान्याचा वाटा ‘मल्चर’. गिरणीच्या नोकराचा वाटा ‘नेव्हशिप’. बांधलेला मुलूख ‘सकन’. नानांची पहिली विचारणी येऊनही पडली आहे: दळण चोरून दुसरीकडे नेलं तर वसुली कोण करायचा? दावा गिरणीचा हक्कदार लावी आणि त्याचं नाव ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टेड मल्चर्स’. सुरुवात त्याच दाव्यापासून करायची.